लाल पराटीचा फोटो

लग्नानंतरच्या पहिल्याच खरिपात मी सासऱ्यांच्या मागे टुमणं लावलं, आपल्या पराटीचा, म्हणजे कपाशीचा, फोटो काढून घेऊ. वरवट बकालला ड्रोनवाले आले होते. वरून फोटो काढून पिकाची तब्येत सांगायचे. मामाजी, म्हणजे माझे सासरे, हो म्हणाले हेच मुळी नवल. आदल्या वर्षी बीटीची बोंडं बाहेरून टपोरी आणि आतून अळीनं पोखरलेली निघाली होती. तेव्हापासून त्यांचं हसणं बंद आणि जेवण अर्धं. "यंदा बी तसंच असन त उभ्या पिकात रोटावेटर फिरवतो," एवढंच म्हणायचे.

फोटो म्हटल्यावर मामाजी ठेवणीतलं पांढरंशुभ्र धोतर नेसून वावराच्या मधोमध उभे राहिले. "काका, बाजूले व्हा!" ड्रोनवाला ओरडून थकला. ड्रोन घोंघावत डोक्यावर आला तर मामाजी आणखीच ताठ झाले! मी वावराच्या कडेला धुऱ्यावर तोंडात पदर कोंबून हसत होते.

संध्याकाळी मोबाइलवर फोटो आला. सगळं रान लालभडक.

"लाल्या!" मामाजी मटकन ओट्यावर बसले. पानं लाल करून कपाशीला संपवणारा तो रोग.

"पण मामाजी, पराटी त हिरवीगार हाय."

"मांगच्या साली बोंडं बी चांगलीच दिसत होती, पोरी. अंदरचं आपल्याले दिसते काय? कॅमेऱ्याले दिसलं." आणि त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला.

सकाळी मामाजींना घेऊन ट्रॅक्टर वावरात निघाला, तेव्हा कुठे ड्रोनवाल्यानं माझा फोन उचलला.

"लाल? मंग भारीच की ताई! आमच्या फोटोत निरोगी झाड लाल दिसते. फिकं दिसन ते बिमार."

मी चपला हातात घेऊन धूम ठोकली. नवी सून, डोक्यावरचा पदर कुठच्या कुठे, "थांबा! थांबा!" असं बोंबलत थेट ट्रॅक्टरपुढे. काय आनंद झाला होता मला! धापा टाकत सगळं सांगितलं. मामाजींनी फोटो डोळ्यांजवळ नेला आणि लाल रानाच्या मधल्या एका पांढऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"मंग हे काऊन फिकं दिसून राह्यलं?"

"ते तुमी, मामाजी. साऱ्या वावरात बिमार तेवढे तुमीच."

मामाजी असे हसत सुटले की ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं. त्या दुपारी त्यांनी भाकर दोनदा मागून घेतली.