पाहुण्यांसाठी घातलेली चादर

"साडी बदला ना ताई. जुनी एखादी घाला. ही फोटोत बरोबर नाही दिसत."

असं बोलली ती मॅडम. आमच्याच घरात उभी राहून. पायात चप्पल. मम्मीने सकाळपासून घासून पुसलेल्या लादीवर.

मी दहावीत होते. सातिवलीला कारखान्यांच्या गाळ्यांच्या मागे आमची खोली, अजून तिथेच आहे. पप्पांचा हात प्रेस मशीनमध्ये गेला होता, काम सुटलेलं. एव्हरशाईनच्या मोठ्या बिल्डिंगांतल्या लोकांचा एक ग्रुप वस्तीत यायचा, घरोघरी बघायचा, मग रेशन द्यायचा, पोरांची फी भरायचा. आमच्याकडे येणार कळलं तर मम्मीने काय केलं? कोणीही करेल तेच. पाहुणे येणार म्हणून सगळं आवरलं. पेटीतली नवी चादर खाटेवर घातली. शेजारच्या काकूंकडून कपबश्या आणल्या. स्वतः माहेरची जांभळी साडी नेसली. गजरापण.

तिथेच चुकलं. घर चांगलं दिसलं.

मॅडम सोबतच्या सरांना हळूच म्हणाली, ह्यांना खरंच गरज आहे का. खोली केवढीशी, सगळं ऐकू येतं. आणि मग ते साडीचं. मम्मी हसली. खरंच हसली, जसं काही हिचीच चूक. पडद्यामागे गेली. तोवर सरांनी पप्पांना सांगितलं, हात जरा पुढे घ्या. पप्पांनी घेतला. अर्धी बोटं गेलेला हात, पुढे. मम्मी विटका गाऊन घालून आली, गजरा काढून. फोटो झाला. चहा तसाच. साय धरली त्यावर. पाणीपण ते स्वतःच्या बाटलीतलं प्यायले.

त्या फोटोवर माझी अकरावीची फी भरली. हे पण सांगते, लपवायचं काय त्यात.

पण डोकं कधी फिरलं माहितीये? पुढच्या वर्षी. बारावीच्या फीसाठी ते परत येणार होते. मी कॉलेजातून घरी आले तर मम्मी भांडी पसरत होती. घासलेली भांडी. मुद्दाम. चादर काढून फाटकी गोधडी टाकलेली. माझ्या लहान बहिणीला, पिंकीला, उसवलेला फ्रॉक घालत होती. पिंकी रडकुंडीला आलेली. "नवीनवाला घाल ना मम्मी, पाहुणे येतायत."

मम्मी म्हणाली, "ते पाहुणे नाहीत गं."

बस. मी भांडी उचलली, गोधडी गुंडाळली, चादर घातली. मम्मी मागे मागे. बारावीची फी तू भरणार का? मी म्हटलं हो, मीच.

ते आले तेव्हा मी दारातच उभी होते. म्हटलं, "मॅडम, चप्पल बाहेर काढा. चहा घ्या. फोटो मिळणार नाही."

मॅडमने माझ्याकडे बघितलंच नाही. मम्मीकडे बघितलं. आणि माझी मम्मी हात जोडून म्हणाली, लहान आहे, मनावर घेऊ नका.

"एवढा ॲटिट्यूड असेल तर दुसऱ्या खूप फॅमिली आहेत," मॅडम म्हणाली. रेशनची पिशवी घेऊन शेजारी गेली. काकूंकडे. काकूंनी तोवर खिडकीचा नवा पडदा ओढून काढला होता.

माझं कॉलेज सुटलं. घरापुढच्या त्याच गाळ्यांपैकी एकात पॅकिंगला बसले. बारावी वर्षभर उशिरा दिली, माझ्या पगारावर. मम्मी खूप दिवस धड बोलली नाही. अजूनही म्हणते, तुझ्या तोंडाने घालवलंस.

ते अजून येतात. ह्या रविवारी काकूंकडे येणार आहेत. काकूंनी काल मला विचारलं, काय काय लपवून ठेवू गं? मी म्हटलं, काहीच नाही. पडदा लावा, चहा टाका, मी येते. काकू म्हणाल्या, ये.

जांभळी साडी मम्मीने त्या पहिल्या फोटोच्या दिवसापासून पेटीतून काढली नाही. रविवारी मी ती नेसून काकूंच्या दारात बसणार आहे. चप्पल बाहेर निघाल्याशिवाय कोणी आत जाणार नाही. आणि फोटोसाठी मोबाईल वर झाला, की समोर मी उभी.