चढावरचे तात्या

भीमराव तात्या एसटीत ड्रायव्हर होते, तेव्हा ठरलेल्या थांब्याशिवाय गाडी उभी करत नसत. रस्त्यात सख्खा मेहुणा हात करून उभा असला तरी "हितं थांबा न्हाई" म्हणत पुढे जात. तोच माणूस निवृत्तीनंतर अंबाजोगाईच्या आमच्या चढावर दर चार दुकानांनी थांबू लागला. माझ्या चष्म्याच्या दुकानाच्या चौकटीला हात लावायचा आणि म्हणायचं, "हं, सांग बे, काय चाललंय?" की मी सुरू. सूनबाईचं, व्यापाऱ्यांचं, लाईट जाण्याचं. तात्या नुसती मान हलवत. एवढा कान देणारा माणूस साऱ्या गावात नाही, असं माझं ठाम मत होतं.

एका सकाळी मान हलवता हलवता ते चौकटीवरून घसरून खालीच बसले. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. सरकारी दवाखान्यात तपासण्या झाल्या. हृदयातून रक्त बाहेर पडतं त्या वाटेवरची झडप आखडली होती. बदलली नाही तर फार दिवस नव्हते. पण छाती उघडून बदलायची, तर या वयात आणि बिड्यांनी खाल्लेल्या फुप्फुसांना ते झेपणार नव्हतं. संभाजीनगरला मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळी नेऊन नवी झडप बसवतात, तिकडे न्या, असं सांगितलं.

लेक सुनंदा तयार होती, तात्या नव्हते. टेबलावरच काही होऊ शकतं, हे तिथल्या डॉक्टरांनीही लपवलं नाही. मी सोबत गेलो होतो. तात्यांनी एवढंच विचारलं, की जुनी काढणार का? जुनी तिथेच राहते, नवी तिच्या आत उघडते, असं डॉक्टर म्हणाले.

"म्हंजे जुन्या ड्रायव्हरला उतरवायचं न्हाई, नवा त्याच्या मांडीवर बसवायचा," तात्या म्हणाले. डॉक्टर हसले. तात्या हसले नाहीत. बाहेर येऊन बाकावर टेकले आणि सुनंदाला म्हणाले, "चढावर बंद पडलेली गाडी लोकायला ढकलावी लागती. मला ते नगं. कर काय करायचं ते."

झडप बसली. महिन्याभरात तात्या पुन्हा चढ चढू लागले, आणि हात वर करून सरळ पुढे निघून जाऊ लागले. चढावर कुजबुज सुरू झाली, की नवी झडप काय बसली, तात्यांची मानच ताठ झाली. मी एकदोनदा त्यांच्यासाठी चहा सांगून ठेवला, तो गार झाला. शेवटी आडवा जाऊन विचारलंच, की तात्या, आमचं काही चुकलं का?

ते ओशाळले. "आरं, आधी बी मी बोलायला थांबत न्हवतो. लई दम लागायचा. तुला बोलतं केलं की तवर माझा दम भरायचा."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. इतकी वर्षं मी त्यांच्या धापेला गोष्टी सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी तात्या दुकानासमोर थांबले. चौकटीला हात नव्हता. "त्या लातूरच्या व्यापाऱ्यानं काड्या बदलून दिल्या का न्हाई?" चष्म्याच्या मोडक्या काड्यांचं हे गाऱ्हाणं मी ते आजारी पडण्याआधी सांगितलं होतं. म्हणजे माणूस ऐकतही होता! तेव्हापासून ते परत आपल्या जुन्या दुकानांशी थांबू लागले.

काही वर्षं अशी बरी गेली. मग एका हिवाळ्यात ते आले आणि त्यांचा हात चौकटीवर गेला. मी बोलता बोलता थबकलो.

"थांबलास कावून?" ते म्हणाले. "बोल की बे."

मी त्यांना स्टुलावर बसवलं, सुनंदाला फोन लावला आणि ती रिक्षा घेऊन येईपर्यंत बोलत राहिलो. काय बोललो ते आठवत नाही. तात्या मान हलवत होते. ते दवाखान्यातून परत आले नाहीत. फुप्फुसांनी साथ सोडली. झडप शेवटपर्यंत नीट चालली, असं डॉक्टर म्हणाले.

आता चढावर कुणी माझ्या चौकटीला हात लावून उभं राहिलं, की मी आधी स्टूल पुढे करतो. काय चाललंय ते मग विचारतो.