बोंबलांच्या दोरीवरचा पिवळा फ्रॉक

माझा मुलगा बोलतो चांगले, म्हणून त्याने सांगितलेली हकिगत खरी मानली जाते. अर्नाळ्याच्या सुट्टीत ‘बाबांनी दोन्ही मुलं हरवली होती’ असे त्याने आजवर लग्नांत सांगितले, बारशांत सांगितले, एवढेच नव्हे तर एका तेराव्यालाही सांगितले. या प्रत्येक प्रसंगी मी हजर होतो आणि प्रत्येक वेळी मी हरकत घेतली. पण पंगतीत हरकत घेणाऱ्या म्हाताऱ्याच्या पानात लोक आणखी एक जिलेबी वाढतात आणि विषय बदलतात. जिलेबी वाढून जिथे तोंड बंद करता येणार नाही, अशी जागा कागदाखेरीज मला दुसरी दिसत नाही.

मुले हरवली नव्हती. मीही हरवलो नव्हतो. हे आधी नोंदवून मग पुढे जातो.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. वालीवच्या एका कारखान्यात माझी सारी नोकरी झाली आणि नालासोपाऱ्याच्या पूर्वेला घर झाले. समुद्र इतका जवळ असूनही त्याच्याशी आमचा संबंध पाहुण्यांपुरता होता. गावाकडून कोणी आले की त्यांना दाखवून आणायचे आणि काळोख पडण्यापूर्वी परतायचे. म्हणून नाताळच्या सुट्टीत पश्चिमेला अर्नाळ्याच्या किनाऱ्यालगतचा एक फ्लॅट काही दिवसांसाठी भाड्याने घेण्याचे सुनेने सुचवले तेव्हा नातलग हसले. ‘रेल्वेचे रूळ ओलांडून कोणी सुट्टीला जातं का?’ असे माझा धाकटा भाऊ अजून म्हणतो. तो एकदा उटीला गेला होता आणि तिथे हॉटेलच्या खोलीत पत्ते खेळून परत आला. सुट्टी अंतरावर मोजणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नसतो. तरी मी घातला.

फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता. खिडकीतून सुरूची झाडे आणि त्यांच्या पलीकडे पाण्याची पट्टी दिसे. मालकाने फ्रिजवर कागद चिकटवला होता, ‘पायांची वाळू धुऊनच आत यावे’, आणि सर्वांत जास्त वाळू नेमकी त्या फ्रिजखालीच असे. जाताना वाटेतल्या गास गावच्या शेतांपाशी नातीने विचारले होते, ‘आजोबा, आपण परदेशात आलो का?’ घरांवर नाताळचे आकाशकंदील होते, अंगणात येशूजन्माच्या गव्हाणी मांडलेल्या होत्या. मी होय म्हणालो. या उत्तराबद्दलही मला नंतर जाब विचारण्यात आला.

आता मुख्य गोष्ट. त्या सुट्टीत माझे काय पणाला लागले होते, हे मुलगा कधीच सांगत नाही.

नातू सात वर्षांचा, नात चार वर्षांची. दोघांना शाळेच्या बसपर्यंत पोहोचवण्याचे आणि दुपारी आणण्याचे काम माझ्याकडे होते. नोकरी सुटल्यानंतर मला मिळालेले ते एकमेव काम, आणि मी ते नोकरीपेक्षा अधिक निष्ठेने केले. मग पावसाळ्यात एकदा आमच्या इमारतीच्या जिन्यात मी घसरलो. पायरी ओली होती. घरात मात्र त्या घटनेचे नाव ‘बाबांना चक्कर आली’ असे पडले. डॉक्टरांना काही सापडले नाही. पण चक्कर एकदा घरात शिरली की ती डॉक्टरांच्या सांगण्याने बाहेर जात नाही. मुलाने नियम केला: मुले माझ्याबरोबर एकटी जाणार नाहीत. तेव्हापासून खालच्या मजल्यावरच्या एक बाई आपल्या मुलाबरोबर आमच्या दोघांना बसवर सोडू लागल्या आणि मी गॅलरीत उभा राहून, त्या नातीचा हात नीट धरतात की नाही, हे पाहू लागलो. त्या नीट धरत असत. हेच मला सहन होत नसे.

अर्नाळ्याला पहिले दोन दिवस मी मागत राहिलो. सकाळी ओहोटीच्या वेळी मी दोघांना किनाऱ्यावर नेतो, एवढेच. तिसऱ्या पहाटे मुलगा झोपलेला असताना सून स्वयंपाकघरात चहा करत होती. मी पुन्हा विषय काढला.

‘बाबा, समुद्र आहे तो,’ ती म्हणाली.

‘मला तळं वाटलं होतं.’

‘अहो,’ आतून पत्नीचा आवाज आला, ‘कधीतरी सरळ उत्तर द्या. पुण्य लागेल.’

सुनेने चहा गाळला आणि कप माझ्यासमोर ठेवला. मग म्हणाली, ‘गुडघ्याच्या वर पाणी नको. नाश्त्याला परत. आणि तो उठला तर मी सांगेन त्याला, तुम्ही नका सांगू. तुम्ही भांडण कराल.’

नवऱ्याचा नियम तिने स्वतःच्या जबाबदारीवर मोडला. मला ते तेव्हाच कळले होते.

किनाऱ्यावर पोहोचताच मी एक गोष्ट केली. आमच्याकडे विहिरीत पोहायला शिकवताना मुलाच्या कमरेला दोर बांधतात आणि दुसरे टोक बाप हातात धरतो. मी माझा पंचा नातीच्या फ्रॉक-बनियनच्या आतून कमरेभोवती बांधला आणि त्याचे दुसरे टोक माझ्या डाव्या मनगटाला. नातवाला उजवा हात धरायला सांगितले. अशा रीतीने आम्ही पाण्यात उभे राहिलो. लाट आली की दोघे ओरडत आणि लाट गेली की पायाखालची वाळू सरकते म्हणून हसत. मी माझ्या आयुष्यात इतका वेळ काही न करता उभा राहिलेलो नाही, आणि मला कशाचीही घाई नव्हती.

यथावकाश कपडे भिजले. पिशवीत कोरडे जोड होते. मी दोघांना पुसून ते घातले. नातीला कपडे घालताना गाठ तशीच ठेवून वरून कोरडा झगा चढवला. ओले कपडे तसेच गोळा करून पिशवीत कोंबणे मला मान्य नाही. समोर बांबूंच्या चौकटी उभ्या होत्या आणि त्यांच्यावर दोऱ्या ताणलेल्या होत्या. पलीकडच्या रांगांवर मासे वाळत होते, अलीकडच्या रांगा मोकळ्या. मी नातीचा पिवळा फ्रॉक, नातवाची चड्डी, दोन्ही बनियने झटकून, शिवणी सरळ करून एका ओळीत वाळत घातली. घाटावरच्या माणसाला ताणलेली दोरी दिसली की तिचा दुसरा उपयोग सुचतच नाही.

‘ओ बाबा! ही काय तुमची गच्ची हाय?’

डोक्यावर ताज्या बोंबलांची पाटी घेतलेली एक कोळीण समोर उभी होती. वयाने माझ्या सुनेहून मोठी, आवाजाने आम्हां सर्वांहून.

‘दोरी मोकळी होती,’ मी म्हणालो. ‘तिच्यावर कोणाचं नाव लिहिलेलं नाही.’

‘दर्यावर पन नाय लिवलेलं. मंग काय, घरी नेशील उचलून?’

नातू हसला. माझ्या बाजूचा साक्षीदार असा पहिल्याच क्षणी फुटला.

‘बोंबलांची वलांडी हाय ती,’ ती म्हणाली. ‘मी आता मावरं कुटं लावू? तुज्या डोक्यावर?’

इथे पत्नीची हकिगत अशी आहे की त्या बाईने मला दंड केला आणि बोंबील टांगायला बसवले. हे साफ खोटे आहे. मी कपडे काढू लागलो तेव्हा ती म्हणाली, ‘र्‍हाऊदे आता. तितकी दोरी तुजी. बाकीची भरून दे मला.’ याला दंड म्हणत नाहीत. हा करार होता, आणि दोन्ही पक्षांनी तो पाळला.

बोंबील टांगायची रीत अशी की एकाच्या उघड्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीच्या दोन्ही बाजूंना सोडायची. त्यांचे बारीक दात एकमेकांत धरतात. नातीला ते इतके आवडले की ती प्रत्येक जोडीला ‘भांडू नका’ असे बजावू लागली. तिच्या जोड्या घसरून वाळूत पडत. कोळीण त्या उचलून पाण्यात खळबळवी, परत तिच्याच हातात देई आणि म्हणे, ‘लाव गं आये, तुज्या आज्यापेक्षा बरी लावतेस.’ आम्ही काम करत रांगेच्या पलीकडे सरकलो. हळूहळू आमच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये बोंबलांचा एक पडदा तयार झाला. मनगटाला ओढ होती, दोन्ही मुले हाताच्या अंतरावर होती, आणि नाश्त्याची वेळ कधीच उलटून गेली होती. माझा फोन फ्रिजवर होता. हे मी नाकारत नाही.

सून आम्हांला शोधायला आली तेव्हा तिला दुरून जे दिसले ते असे: लांबच लांब रिकामा किनारा, आणि दोरीवर वाऱ्याने हलणारा आपल्या मुलीचा पिवळा फ्रॉक. माणूस कोणी नाही.

मुलगा सांगतो की ती किंचाळत आली. तो तिथे नव्हता. ती किंचाळली नाही. तिने एकदाच मुलीचे नाव घेतले. ती हाक मी आता लिहून दाखवू शकत नाही. कारखान्यात मी अपघात पाहिले आहेत, पण तसा आवाज ऐकलेला नाही.

‘इकडे!’ मी ओरडलो. ‘बोंबलांच्या मागे!’

ती रांगेला वळसा घालून आली. दोन्ही मुलांना तिने पोटाशी धरले आणि वाळूत बसली. मुले तिला जबडे कसे अडकवायचे ते सांगत होती. तिला ऐकू येत नव्हते.

‘रडू नको गं बाय,’ कोळीण म्हणाली. ‘पोरं हायेत ना. म्हातारा पन जागच्या जागी हाय. पोरीनं बांधून ठेवलाय त्याला.’

तेव्हा सुनेचे लक्ष पंच्याकडे गेले. ती हसली आणि त्याच श्वासात पुन्हा रडली. मी गाठ सोडू लागलो; पण खाऱ्या पाण्याने ती आवळली होती आणि माझी बोटे बोंबलांनी बुळबुळीत झाली होती. तिने माझा हात आपल्या गुडघ्यावर घेतला आणि नखांनी ती गाठ उकलू लागली. बराच वेळ लागला.

‘इतकी घट्ट?’ ती म्हणाली.

‘घट्टच बांधायची असते.’

‘भीती वाटत होती तुम्हांला?’

माझ्यापाशी उत्तरे नेहमी तयार असतात. त्या वेळी एकच सुचले.

‘समुद्र आहे तो,’ मी म्हणालो.

टोक सुटल्यावर तिने मनगटावरचा वळ अंगठ्याने चोळला, जसा ती मुलांचा चोळते. माझे डोळे भरून आल्याचे पत्नी सांगते. तीही तिथे नव्हती. बोंबलांचा वास डोळ्यांना झोंबतो, हे अर्नाळ्यात कोणीही सांगेल.

फ्लॅटवर मुलगा दारातच उभा होता. मुलांच्या अंगाचा वास त्याच्यापर्यंत आमच्याआधी पोहोचला.

‘फोन कुठे होता तुमचा?’

‘फ्रिजवर. तू उचलून पाहिला असशीलच.’

‘बाबा, पुरे झालं. पुन्हा मुलं तुमच्याबरोबर—’

‘मी पाठवलं होतं त्यांना,’ सून म्हणाली. तिच्या हातात ओल्या कपड्यांची घडी होती. ‘काय विचारायचंय ते मला विचार. त्यांनी तिला कमरेला बांधून ठेवलं होतं. तू ठेवतोस? काल तू पाण्यात उभा राहून फोनवर बोलत होतास.’

‘अगं, पण त्यांना चक्कर—’

‘पायरी ओली होती,’ ती म्हणाली. ‘शाळा उघडली की बसवर तेच सोडतील. फोन खिशात ठेवून.’

मी तोवर दहा मुद्दे जमवले होते. एकाचीही गरज उरली नाही. पावसाळ्यापासून मी घरात त्या ओल्या पायरीविषयी एकटा बोलत होतो, आणि ती भाजी निवडत, डबे भरत, मान वर न करता ऐकत असे. पटले म्हणून ऐकत होती की मी दमावे म्हणून, ते मला कधी कळले नाही. त्या दिवशीही तिला खरेच पटले होते की नाही, मी विचारलेले नाही. पुढेही विचारणार नाही. इतक्या वर्षांत माझ्या बाजूने कोणी बोलले की मी त्याचीही एखादी चूक काढून दिली आहे. तिची काढली नाही. त्या संध्याकाळी, कोळणीने निघताना पलीकडच्या रांगेतून काढून दिलेले सुके बोंबील तिने तव्यावर भाजले आणि पहिला मला वाढला. मी एरवी मासे फारसे खात नाही. तो मागून पुन्हा घेतला.

शाळा उघडल्यापासून मी दोघांना नाक्यावर नेतो. नातीचा हात माझ्या हातात असतो आणि नातू दोन पावले पुढे, कारण मित्रांनी पाहिलेले त्याला आता चालत नाही. बस बहुधा उशिरा येते. नाक्यावरचे इतर पालक घड्याळे पाहतात आणि माझ्याकडे वळतात. या बाबतीत मी चालकाला चार शब्द सुनावावेत अशी त्यांची अपेक्षा असते. माझा लौकिकच तसा आहे. मी नातीशी बोलत राहतो, तिच्या बुटाची नाडी नीट आहे का ते पुन्हा एकदा पाहतो, आणि बसच्या उशिराविषयी आजवर मी कोणाकडेही तक्रार केलेली नाही.