रिकामा तळहात

टाउनशिपच्या फाटकाजवळच्या बाकावर काका डाव्या तळहातावर उजवा अंगठा चोळत बसतात, मग दोनदा थाप मारतात. तळहातात काहीच नसतं. तंबाखू सोडून त्यांना पाच महिने झाले.

कारखान्यात कॉस्टिक सोडा डोळ्यांत उडाला आणि दोन्ही बुबुळांच्या कडेच्या मूळ पेशी जळाल्या. आता त्यांना फक्त उजेड कळतो. एक डोळा बरा असता तर त्यातूनच पेशी घेतल्या असत्या. म्हणून डॉक्टर गालाच्या आतलं अस्तर घेऊन, ते प्रयोगशाळेत वाढवून डोळ्यावर बसवणार आहेत. पण आधी गालातला तंबाखूचा पांढरा डाग जायला हवा.

"काय नेताजी, आज कोण मुर्दाबाद?" माझी चाहूल लागली की ते विचारतात. कामगारांनी मागूनही सेफ्टी गॉगल न देणाऱ्या कारखान्याच्या साहेबांवरचं माझं पत्रक मी त्यांना वाचून दाखवते.

"किती ओरडतेस! दिसायला लागलं की मीच वाचीन, आरामसे."

काल त्यांनी आ केला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे तपासणी होती. मी मोबाइलचा टॉर्च धरला.

"गेला का गं?"

पत्रकात मी एक शब्दही मऊ करत नाही. इथे मी आधी टॉर्च विझवला.

"पुसट झालाय काका. पण आहे."

त्यांनी तोंड मिटलं. मग त्यांनी रिकामा तळहात मळला, थाप मारली आणि माझ्यापुढे धरला.

"ले, थोडी तू पण खा."

त्यांना कळावं म्हणून बोटं नीट टेकवून मी चिमूट उचलली.