मेणातला तांदूळ

भोर संस्थान होतं तेव्हाची गोष्ट. दसऱ्याला सीमोल्लंघनाआधी नीरेकाठच्या माळावर नेमबाजी व्हायची. पोलीस, कचेरीतले अंमलदार, हौशी मंडळी, ज्याच्याकडे परवान्याचं पिस्तूल तो उभा राहायचा. त्या वर्षी मीही बाबांचं पिस्तूल घेऊन उभी राहिले, आणि सगळ्यात जास्त पोट दुखलं ते माझ्या काकांचं.

काका नेमबाज चांगले होते, हे मला आजही नाइलाजानं कबूल करावं लागतं. पण बाबांनी मला नेम धरायला शिकवलं याचा त्यांना भारी राग. "पोरीच्या जातीला हे शोभतं का?" हे उठताबसता ऐकून माझं डोकं असं फिरलं, की एकदा पंगतीत सगळ्यांदेखत मी बोलून बसले, "दसऱ्याला तुमच्याहून एक तरी पणती जास्त फोडीन. नाही फोडली, तर पिस्तुलाला पुन्हा हात लावणार नाही." बाबांनी कपाळावर हात मारला. काका मात्र खुशीत येऊन आणखी एक पोळी वाढा म्हणाले.

आमच्याकडे खंडेनवमीला पिस्तूल पाटावर मांडून पूजा व्हायची. बाबा नळीच्या टोकाला लाल नाडा बांधायचे. पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायचं नाही आणि नाडा घरी परत येईपर्यंत सोडायचा नाही, हा त्यांचा दंडक.

माळावर बांबूच्या खुंट्यांवर प्रत्येकासाठी पाच पणत्या ठेवत. काकांनी तीन फोडल्या. दुसऱ्या कुणालाच तेवढ्या जमल्या नाहीत. मी पहिल्या दोन लागोपाठ उडवल्या आणि काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. तेवढ्यात नाड्याचं सुटं टोक वाऱ्यानं नेमाच्या आड येऊ लागलं.

पंच होते वेल्ह्याकडचे एक वयस्क जमादार. ते म्हणाले, "ताईसाहेब, त्यो नाडा काडा आदी."

बाबा पुढे आले. दंडक मोडावा लागणारच होता. कुणीतरी चाकू दिला, पण पूजेचा नाडा कापायचा तरी नाही म्हणून त्यांनी तो परत केला आणि गाठ धरून नाडा ओढला. जरा जोरातच ओढला. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे जिच्यावरून नेम धरायचा तो लोखंडाचा बारका तुकडा, मुळापासून तुटून गवतात उडाली.

सगळे गवतात वाकून शोधू लागले. काका तेवढे ताठ उभे. "आता काय डोळे मिटून मारणार?" बाबा रडवेले झाले होते. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप.

जिंकणाऱ्याला ओवाळायला आई ताट घेऊन आंब्याखाली बसली होती. ताटात कुंकवाचा करंडा, कुंकवाखाली लावायच्या मेणाची डबी आणि कुंकवात घोळवलेल्या अक्षता. मी तरातरा गेले, मेण उचललं, माशीच्या जागी दाबलं आणि त्यात उत्रोलीच्या तांदळाचा एक लाल दाणा उभा रोवला.

"हे चालायचं नाही!" काका ओरडले.

जमादारांनी वाकून दाणा नीट पाहिला. "का न्हाई? पिस्तूल त्येंचं, तांदूळ त्येंचा. तांदूळ लावू नगा असं आमाला कुनी सांगितल्यालं न्हाई."

तिसरी गोळी पणतीच्या खाली मातीत गेली. दाणा माशीहून उंच होता. मी त्याचं टोक खुडायला नख लावलं, तशी आई खेकसली, "अक्षत मोडायची नाही! खाली दाब की." दाबला. आईनं बोटानं भोवतीचं मेण सारखं करून दिलं.

चौथी पणती फुटली. तीनाला तीन झाले.

पण ऊन चढलं होतं. मेण मऊ पडून दाणा कलला. आईनं तो सरळ केला आणि मेण घट्ट होईपर्यंत नळीवर पदराची सावली धरून उभी राहिली. एवढ्या पुरुषांसमोर तिला असं उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मग ती बाजूला झाली. मी दाणा पणतीवर आणला, श्वास रोखला आणि चाप ओढला.

पणतीचे तुकडे तुकडे झाले. मी चक्क उड्या मारल्या. बाबांनी टोपी हवेत फेकली. आईनं ओवाळताना इतक्या घाईनं अक्षता टाकल्या, की निम्म्या माझ्या नाकावर पडल्या. इतका आनंद मला पुढे लग्नातही झाला नाही.

काका त्या दिवशी सोनं द्यायलाही थांबले नाहीत. वर्षभर त्यांनी त्या पणतीचं नाव काढलं नाही.

पुढच्या खंडेनवमीला बाबांनी पाटावर तलवार, सुरी, पिस्तूल मांडलं. काका आत गेले आणि आईची मेणाची डबी घेऊन बाहेर आले. पिस्तुलाशेजारी ती ठेवून तिला हळदकुंकू वाहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, तुमचं हत्यार आतच राहिलं होतं."