आयुष्यभराचं तेल

"तेल आयुष्यभराचं असतं, पण कुणाच्या, ते कंपनी लिहीत नाही," असं थेंब्या एकदा म्हणाला होता. गिऱ्हाईक हसलं. थेंब्या गाडीखाली आडवा होता, बाहेर फक्त त्याचे बूट दिसत होते. बूट हसले नाहीत.

तो गिअरबॉक्सचं काम करायचा, दुसरं काही नाही. ब्रेकसाठी कुणी आलं तर शेजारच्या शटरकडे बोट दाखवायचा. गिअरबॉक्सच्या तेलाचा एक थेंब टिपकागदावर टाकून बघत बसायचा, म्हणून हे नाव. लाल थेंब पसरून गुलाबी झाला तर गाडी तशीच परत. तपकिरी झाला तर, "बदलून टाका." काळा थेंब पसरत नसे; कडेने वलय धरून जागच्या जागी बसून राही. असे कागद तो भिंतीला टाचून ठेवी. दुपारचं ऊन आत आलं की ती सगळी वलयं आपल्याकडे बघताहेत असं वाटे, आणि गिऱ्हाईकं बाहेर उन्हातच उभी राहत.

"साठ हजार किलोमीटरच्या आसपास बदला," तो सांगे. "रोजचा चढ असेल, गर्दी असेल, तर आधीच. वास यायची वाट बघू नका." घरात पाव करपला तरी त्याच्या तोंडून "उशीर झाला" असंच निघे. बायको म्हणे, "त्या नाकाला एक दिवस तरी सुट्टी द्या."

एकाच गाडीला त्याने कधी हात लावला नाही, थोरल्या भावाच्या. भावाला गाडीच्या पुस्तिकेत छापलेला शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. "आयुष्यभराचं तेल, असं लिहिलंय. तू जगाचा वैद्य हो, माझ्या गाडीची नाडी बघू नकोस." थेंब्याने हा शब्द पाळला. भाऊ साध्या तापाने गेला, गाडी दारात झाकलेलीच राहिली, तरीही पाळला.

मग पुतणीने वरचं कव्हर काढलं आणि गाडी कामाला न्यायला लागली. एका सकाळी ती गाडी घेऊनच वर्कशॉपात आली. मागच्या सीटवर वहिनी.

"काका, चढावर इंजिन नुसतं ओरडतं, गाडी हलत नाही. काल मागे सरकली. मागे शाळेची बस होती."

"भावजी, तिचं ऐकू नका," वहिनी काच खाली करून म्हणाल्या. "गाडीला काही झालेलं नाही. वळणाआधी जरा थांबते, घसा खाकरल्यासारखं करते, मग गिअर बदलते. अगदी ह्यांच्यासारखं. तेल काढलंत तर हे जातील."

"आई, बाबा गेलेत."

"तुला काय कळणार? तू पुढे बसतेस. मी मागे बसते."

थेंब्याने थेंब टाकला. काळा. करपट वास शेडभर पसरला. वहिनी म्हणत होत्या त्यात तथ्य होतं, हे त्याला ठाऊक होतं. आपोआप गिअर बदलणाऱ्या अशा गाड्या चालवणाऱ्याचा पाय शिकून घेतात. भाऊ वळणाच्या कितीतरी आधी पाय उचलायचा. गिअरबॉक्सने तेवढं लक्षात ठेवलं होतं. तेल बदलायचं तर ती आठवणही पुसावी लागणार. आणि नाही बदललं, तर पुढच्या वेळी बसच्या आणि पुतणीच्या मध्ये काहीच उरणार नव्हतं.

"वहिनी, पोरगी बसते हिच्यात."

वहिनी दार उघडून उतरल्या. "काढा," म्हणाल्या. "पण माझ्यासमोर."

स्टूल ओढून त्या बसल्या. खाली घमेल्यात तेलाची धार पडत होती.

"किती काळे पडलेत हे," वहिनी म्हणाल्या. कुणाबद्दल, ते कुणी विचारलं नाही.

इतकं जुनं तेल एकदम काढलं तर गिअरबॉक्समधल्या झिजलेल्या प्लेटा पकड सोडतात. म्हणून त्याने थोडं काढलं, थोडं नवं घातलं, गाडी फिरवून आणली, पुन्हा काढलं. धार लाल होईपर्यंत दुपार कलली. शेवटी त्याने तपासणीचं यंत्र वायरने गाडीला जोडून तिची आठवण पुसली. यंत्र एकदा टुक् वाजलं.

मग थेंब्या स्वतः चालवायला बसला. शेजारी पुतणी, मागे वहिनी. चढावर गाडी कुरकुर न करता चढली. कोरी, कुणाचीच नसल्यासारखी. पुतणीने सुटकेचा निःश्वास टाकला.

वर वळण दिसलं. ते अजून लांब असतानाच गाडी थबकली. घसा खाकरल्यासारखी आतून थरथरली आणि गिअर खाली आला.

"आलात?" वहिनी मागून हलकेच म्हणाल्या. उशिरा घरी आलेल्या माणसाला म्हणावं तसं.

थेंब्या म्हणाला, "शक्य नाही. मी सगळं पुसलंय."

पुतणी खाली त्याच्या पायाकडे बघत होती. "काका, गाडीने काही नाही केलं. तुम्ही पाय उचललात."

"मी नाही उचलला."

"उचललात. बाबांसारखाच."

पुढच्या वळणाला त्याने पेडल दाबून धरायचं मनाशी पक्कं केलं आणि नजर खाली वळवली. वळण यायच्या कितीतरी आधी त्याचा बूट हवेत होता. त्याला चालवायला भावानेच शिकवलं होतं, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून.

त्याने गाडी कडेला घेतली, बंद केली.

"अहो," मागून आवाज आला. वहिनींनी त्याला आयुष्यात कधी भावजीखेरीज हाक मारली नव्हती. "अहो, थांबलात का?"

थेंब्याने मागे पाहिलं नाही. चावी तशीच ठेवली, दार उघडलं, आणि उतारावरून चालू लागला.