आत धावलेला माणूस

कुठल्याही भिंतीला टेकण्याआधी तो बोटाच्या पेराने तिच्यावर टकटक करायचा, कान लावायचा आणि निकाल द्यायचा, "पोकळ हाय." लातुरात आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत तो परिचर होता. प्राचार्यांच्या नव्या केबिनचं उद्घाटन झालं, तेव्हा फीत कापून होताच त्याने पाहुण्यांसमोर भिंत ठोकली. आम्ही त्याला 'इंजिनियर' म्हणायचो. तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल. त्याला हसलं की बाकीच्यांचा दिवस बरा जातो.

तो किल्लारीकडचा. भूकंपात दगडमातीच्या घराखाली त्याची बायको गेली. हा बाहेर होता. म्हणजे, बाहेर पळाला होता. हे तो लपवत नसे. कुणी न विचारता सांगायचा. "सर, जमीन हालली की पाय आपले ऱ्हात न्हाईत. माणूस भाईरच पळतो. आत कुनाला जाताच येत न्हाई." एवढं एक वाक्य धरून तो जगत होता. आम्ही माना डोलवायचो आणि तो गेल्यावर एकमेकांकडे बघायचो.

निवृत्तीनंतर आम्ही काहीजण ज्येष्ठांच्या सहल मंडळात शिरलो, तोही आमच्याबरोबर. अध्यक्ष एक माजी विस्तार अधिकारी. हे साहेब बसच्या पायरीवर उभे राहूनही भाषण करू शकत. एका वर्षी त्यांनी आम्हाला केरळात, बारमाही पावसाच्या जंगलात, एक पडका कॅसल दाखवायला नेलं. कुणा गोऱ्या मळेवाल्याने बायकोसाठी बांधलेला. बुरूज, कारंजी, उतारावर टप्प्याटप्प्याने बाग. बायको कधी आलीच नाही, तरी पाटीवर इंग्रजीत 'प्रेमाचे स्मारक' असं लिहिलं होतं. भिंतींतून झाडं निघाली होती, कारंज्यात बेडूक नांदत होते. आमच्याकडे घर पडलं की पंचनामा होतो. तिथे तिकीट लावतात.

तो आल्याआल्या भिंती ठोकायला लागला. "ह्या कमानीखाली कुनी थांबू नगा बगा. पोकळ हाय."

"अरे इंजिनियर, शंभर वर्षं उभी आहे ती," साहेब म्हणाले. "तू यायची वाट बघत होती होय पडायला?"

सगळे हसले. मीही. मग साहेबांनी वहिनींना, म्हणजे आपल्या पत्नीला, कमानीखाली उभं केलं, तिचा हात हातात घेतला आणि फोटो राहिला बाजूला, दांपत्यजीवनावर बोलू लागले. "शेवटच्या श्वासापर्यंत हा हात..."

मी मागून ओरडलो, "हाललं! हाललं!"

मला साहेबांना पळताना बघायचं होतं. आता सांगायला हरकत नाही, मला इंजिनियरचीही पळापळ बघायची होती. सगळ्यात आधी तोच बाहेर सुटेल, अशी माझी अटकळ होती.

साहेब सुटले. वहिनींचा हात सोडून, कारंजं ओलांडून, थेट बागेच्या पार टोकाला. आम्ही पोट धरून हसत होतो, तेवढ्यात तो मला धक्का देऊन पुढे गेला. आत. कमानीत शिरून त्याने वहिनींना दंडाला धरून ओढलं आणि दोघेही शेवाळलेल्या पायऱ्यांवरून घसरत खाली आले. वहिनींचे गुडघे फुटले, चष्मा गेला. कमान जागच्या जागी होती.

साहेब परत आले ते सरळ त्याच्यावर. "बाईमाणसाला हात लावतो, हरामखोर?" आणि एक थोबाडीत ठेवून दिली. तो तसाच उभा राहिला. कोण ओरडलं, हे कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

परतताना बसमध्ये वहिनी नवऱ्याशेजारी बसल्या नाहीत. तो माझ्या शेजारी होता. मला वाटलं, मार खाल्ल्याबद्दल काही बोलेल.

"सर," तो म्हणाला, "माझे पाय आत गेले."

"गेले खरे. कमाल केलीस गड्या." मी खरोखरच कौतुक करत होतो.

"म्हंजी तवा बी गेले असते."

माझ्या घरी चार कपाटं पुस्तकं आहेत. त्यातलं एकही वाक्य त्या वेळी कामाला आलं नाही.

पुढच्या सहलीला तो आला नाही, आणि त्याच्या पुढच्या सहलीआधी गेला. शोकसभेत साहेब अर्धा तास बोलले. दिवंगताच्या साहसी स्वभावाचाही त्यात उल्लेख होता. मला मात्र त्या बसमधला तो दिसतो. दोन्ही पोटऱ्यांना जंगलातल्या जळवा चिकटलेल्या, करंगळीएवढ्या फुगलेल्या. वहिनींनी काकडीबरोबर आणलेली मिठाची पुडी काढली आणि फुटक्या गुडघ्यांनीच त्याच्यापुढे वाकल्या.

"काढा की हो त्या. रक्त पिऊन राहिल्यात."

"पिऊ द्या, वैनी," तो म्हणाला आणि त्याने दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले.